पाठकोरी चिठ्ठी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा कंपाउंडर होता. होता म्हणजे, माणूस अजून ठणठणीत आहे, दवाखाना तेवढा बंद पडला. एकतीस वर्षं त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत उभं राहून त्यांनी दोनच कामं केली. मोठ्या बरणीतलं लाल औषध बाटलीत ओतायचं आणि बाटलीला चिठ्ठी डकवायची. कागदाची लांब पट्टी घ्यायची, कात्रीनं तिच्या कडेला डोसाच्या खाचा पाडायच्या, खळ लावून ती बाटलीवर सरळ बसवायची. खाचा मात्र एकसारख्या, पट्टीनं मोजल्यासारख्या. आजार डॉक्टर ओळखायचे, सोसायचा तो आजारी माणूस, आणि भाऊजींना वाटायचं की माणूस बरा होतो तो चिठ्ठीमुळे. लोक त्यांना लेबलमास्तर म्हणायचे. त्यांना तो मान वाटायचा, यातच सगळं आलं.

मला ते आवडत नाहीत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. माझं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक मशीन आणि एक उभा आरसा. लोक झिप बदलायला येतात, कॉलर उलटवायला येतात, बारीक झालो म्हणून कंबर कमी करायला येतात आणि सहा महिन्यांनी तीच सैल करायला येतात. माणसाबद्दल मत बनवायला मला त्याच्या कोटाचं अस्तर पुरतं. भाऊजींच्या कोटाचं अस्तर मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, कारण ते माझ्याकडे काही शिवायला टाकत नसत. माझी जीभ त्यांना चालत नव्हती.

दवाखान्यात चिठ्ठ्या डकवून भागेना म्हणून की काय, ते आमच्या मंडळीच्या पंच कमिटीचे चिटणीस झाले. मंडळी म्हणजे आमचं चर्च. विटांची इमारत, चोवीस बाकं आणि कुरकुरणारा पंखा. तिथं एक जुनी रीत होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्या विधीच्या, आधीच्या रविवारी चिटणीस उभा राहायचा आणि ज्याच्यावर शिस्तीची कारवाई झालीय त्याचं नाव वाचायचा, आणि नावापुढे पापाचा शब्द. बस. नेमकं काय केलं ते वाचायचं नाही, कारण ते म्हणे सभ्यतेला धरून नाही. मग त्या माणसानं तोंडातून अक्षर न काढता उठायचं, शेवटच्या बाकावर जायचं आणि तीन महिने तिथं बसायचं. शब्द सगळ्यांच्या कानावर पडलेला असायचा. उरलेलं जो तो घरी जाऊन आपापल्या लायकीप्रमाणे भरून काढायचा.

शब्द चार होते. शास्त्रातलेच, पण अर्थ भाऊजींनी स्वतःच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले होते. व्यभिचार म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात हात घालणं. जारकर्म म्हणजे लग्नाबाहेरचा कोणताही संग, "तसेच अशा संगास वाव देणारी परिस्थिती." ही शेपटी त्यांची स्वतःची, ती कुठल्या प्रेषितानं लिहिली असं विचारलं तर ते खोकायचे. कामातुरपणा म्हणजे तरुण मुलांनी जे काही करावं ते. आणि अशुद्धपणा म्हणजे उरलंसुरलं, जे आधीच्या तिन्हीत बसत नाही पण भाऊजींना खुपतं.

दवाखाना बंद झाला तेव्हा तिथलं औषधांचं कपाट त्यांनी घरी आणलं आणि त्याच्या खणांवर हे चार शब्द डकवले. प्रत्येक प्रकरणाची एक चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठी आपल्या खणात, आणि सगळ्या खणांना मिळून एक कुलूप. किल्ली बनियनच्या आत दोरीला. कागदसुद्धा दवाखान्यातलाच. डॉक्टरांनी एका बाजूला औषध लिहून दिलेल्या जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे त्यांच्याकडे होते. मागची बाजू कोरी, तिच्यावर हे पापं लिहायचे. पाठकोरा कागद टाकून देणं हेसुद्धा पाप आहे, असं ते म्हणत. ते कुठल्या खणात बसतं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

एक पाचवा खणही होता. लाकडाच्या वखारवाल्याच्या मुलानं विणकाम कारखान्यातल्या एका मुलीला दिवस राहिल्यावर वाऱ्यावर सोडलं, तेव्हा तो तयार झाला. वखारवाले पंच कमिटीचे अध्यक्ष, आणि चर्चची बाकं त्यांच्या लाकडाची. भाऊजींनी आठवडाभर वही चाळली आणि मुलासाठी नवा शब्द काढला, "अविवेक". अविवेकाला शेवटचं बाक नसतं, नुसती समज देतात. मुलीला मात्र जारकर्म मिळालं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं म्हणतात. आमच्याकडे झाकायलासुद्धा खण होता.

आता ताईचं सांगते. बावीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी भाऊजी उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या बायकोचं नाव वाचलं. पुढे शब्द, अशुद्धपणा. आवाज जरासुद्धा हलला नाही. माझी बहीण दुसऱ्या बाकावरून उठली, बारा वर्षांच्या पोरीचा हात सोडला आणि मागे चालत गेली. लोकांनी भाऊजींना काय डोक्यावर घेतलं म्हणून सांगू. घरच्यांनाही सोडत नाही म्हणाले, न्याय असावा तर असा. त्या दिवसापासून त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही.

आणि मंडळीनं भरून काढलं. कुणी म्हणालं भाडेकरू. कुणी म्हणालं पेटी दुरुस्त करायला यायचा तो. मी थुंकते त्या तोंडांवर, पण खरं सांगायचं तर मीही भरून काढलं. कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरच्या काचेत ताईचा एक फोटो लागला होता, खांद्यावर पदर, ओठ मिटलेले. एवढ्यावरून मी ठरवलं की तोच असणार. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो समोरून आला की रस्ता बदलायची. ताईला मी एकदाच विचारलं, तेही भांडी घासता घासता, पाठ वळवून. ती म्हणाली, "त्यांना विचार." मी नाही विचारलं. चार वर्षांनी ती गेली, आणि मातीच्या वेळीसुद्धा लोकांच्या डोळ्यांत तो शब्द होता.

तिची मुलगी, माझी भाची, आता चौतीस वर्षांची आहे. चपलांच्या कारखान्यात चामडं कापते. हात असा सरळ चालतो की मला हेवा वाटतो. लग्न झालं नव्हतं. मंडळीत तिला कुणी मागणी घातली नाही, कारण आई तशी म्हणजे मुलगी तशी. शेवटी एका कुलूपवाल्यानं घातली. विधुर, शांत, बोटं कायम काळी, आणि त्याची म्हातारी आई अशी की तिच्यासमोर चर्चचे पाळकसुद्धा सरळ बसायचे. म्हातारीनं होकार दिला, चर्चमध्ये लग्नाची घोषणा वाचायचा रविवार ठरला. भाची त्या दिवशी माझ्या दुकानात येऊन पांढरं कापड मांडीवर घेऊन बसली आणि नुसतं चाचपत राहिली. मी तिला एवढी खूश कधी पाहिली नव्हती.

मग वखारवाल्याची बायको कुलूपवाल्याच्या दुकानावरून गेली. भर दुपार, शटर खाली, आणि शटरखालून दिसणारी चप्पल भाचीची. बाईंनी समोरच्या पायरीवर बसून दीड तास मोजला. उन्हात बसायला त्यांना काही अडचण आली नाही.

गुरुवारी भाची माझ्याकडे आली. "मावशी, बाबा रविवारी माझं नाव वाचणार आहेत."

"कुठला शब्द?"

"दुसरा."

म्हणजे जारकर्म. तो वाचला की लग्नाची घोषणा रद्द, तीन महिने शेवटचं बाक, आणि म्हातारीनं आधीच सांगून ठेवलं होतं की घरात चिठ्ठी लागलेली सून येणार नाही. मी विचारलं, "शटर का खाली होतं गं?" विचारताना माझाच आवाज मला वखारवाल्याच्या बायकोसारखा वाटला.

"काम होतं," ती म्हणाली. "तुला रविवारी सांगते."

मी उठून पाळकांकडे गेले. आमचे पाळक म्हणजे भला माणूस. भला म्हणजे ज्याचा कुणालाच उपयोग नाही असा. बारा महिने सर्दी. डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घेत होते. मी म्हटलं, तुम्ही ग्रीक शिकून आलात, या शब्दांचा अर्थ काय ते मला एकदा सांगा. टॉवेल बाजूला झाला, आणि माणूस खुलला. म्हणाले, आपण ज्याला जारकर्म म्हणतो त्या मूळ शब्दाची मुळं विकण्याच्या क्रियेत आहेत. बाजारात ज्यांचा देह विकला जायचा त्या बायकांवरून तो आला, आणि त्यांतल्या कितीतरी गुलाम होत्या, स्वतःच्या मर्जीनं काही करायची त्यांना सोयच नव्हती. पुढे शब्द पसरत गेला. कुठवर पसरला यावर विद्वान अजून भांडतायत. व्यभिचार म्हणजे मोडलेलं लग्न. अशुद्धपणा म्हणजे साधी घाण, कबरीच्या आतल्या घाणीलाही शास्त्रात तोच शब्द आलाय. आणि कामातुरपणा म्हणतो त्या शब्दात मुळात मुजोरी फार आहे. दुसऱ्याची अब्रू घ्यायची आणि आपल्याला लाज म्हणून वाटायची नाही, अशी मुजोरी.

"मग हे चिटणीसांना का नाही सांगत?" मी विचारलं.

"ते वयानं मोठे आहेत. आणि रीत जुनी आहे." त्यांनी टॉवेल पुन्हा डोक्यावर घेतला. एवढं ग्रीक शिकून माणूस मूग गिळूनच बसणार असेल, तर शाळेत घातलेला वेळ गेला वाफेवर.

तिथून भाऊजींकडे. ते टेबलाशी बसून रविवारचा कागद लिहीत होते. खळीची वाटी, कात्री, पट्टी, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, "भाऊजी, पोटची पोर आहे."

"नियमाला पोट नसतं."

"आत काय झालं ते विचारलंत तिला?"

"ते विचारणं सभ्यतेला धरून नाही. शटर खाली होतं, दोघं आत होते, दीड तास. वाव देणारी परिस्थिती. वहीत आहे."

"वही तुम्हीच लिहिलीय."

"म्हणून तर मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि पट्टी ठेवून रेघ मारली. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसलेला असतो. हा माणूस स्टुलावर बसून जग चालवत होता.

रविवारी चर्च भरलं. वाचन आहे म्हटलं की दुखणाईतसुद्धा येतात. वखारवाल्याची बायको नवीन स्कार्फ बांधून पुढे. कुलूपवाला आईशेजारी, हात मांडीवर पालथे. गाणं झालं, प्रार्थना झाली, भाऊजी उभे राहिले. चष्मा पुसला. मुलीचं नाव वाचलं, मग शब्द वाचला, मग कागदाची घडी घातली. बावीस वर्षांपूर्वीचाच तो आवाज.

भाची उठली. लोकांनी तिला वाट द्यायला पाय आत घेतले. पण ती मागे गेलीच नाही. पुढे गेली आणि प्रभुभोजनाच्या मेजापाशी जाऊन आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"जागेवर जा," भाऊजी म्हणाले. "बोलायची रीत नाही."

"तुम्ही शब्द वाचलात बाबा. मी काय केलं ते वाचते." "त्या दुपारी शटर खाली घेऊन आम्ही किल्ली केली. मी बाबांच्या किल्लीचा ठसा साबणावर घेतला होता, ते आंघोळीला गेले होते तेव्हा. मालकाला न सांगता ठशावरून किल्ली करायची नाही, हा यांच्या धंद्याचा कायदा आहे. हे दोनदा नाही म्हणाले. मी रडले तेव्हा शटर ओढलं आणि कानस घेऊन बसले. दीड तास लागला. माझी हिंमत व्हायला आणखी आठ दिवस लागले. काल बाबा मीटिंगला गेल्यावर मी कपाट उघडलं."

तिनं खिशातून एक पिवळा कागद काढला. भाऊजींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा हलला.

"तो कमिटीचा कागद आहे," ते म्हणाले.

"माझ्या आईचा आहे," ती म्हणाली, आणि वाचायला लागली. तारीख वाचली. मग पुढचं, जसंच्या तसं. "पतीशेजारी निजण्यास नकार. चार महिने झाले. अंथरूण स्वयंपाकघरात नेले. समजावूनही ऐकत नाही. अशुद्धपणा."

एवढंच. भाडेकरू नाही, पेटीवाला नाही, फोटोग्राफर नाही. एक बाई स्वयंपाकघरात झोपली होती.

"आता पाठीमागची बाजू," भाची म्हणाली, आणि कागद उलटला. "ही डॉक्टरांची चिठ्ठी आहे. आईच्याच नावाची, त्याच्या चार महिने आधीची. बाळंतपणात मूल गेले. रक्त जाणे चालू. अशक्तपणा फार. लोहाचे औषध दिवसातून तीनदा. सहा महिने पतीपासून वेगळे निजावे." तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "खाली शिक्का आहे, औषध दिले. आणि शिक्क्यावर बाबांची सही."

म्हणजे चिठ्ठी त्यांच्याच हातातून गेली होती. त्यांनी ती वाचली, बाटली भरली, खाचा पाडल्या, चिठ्ठी डकवली, बायकोला दिवसातून तीनदा औषध पाजलं. आणि चार महिन्यांनी पाप लिहायला कागद हवा म्हणून गठ्ठ्यातला वरचा उचलला आणि मागे काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. किंवा पाहिलं. यातलं कुठलं जास्त नीच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कागद वाचवला त्यांनी.

भाऊजी म्हणाले, "कृत्य वाचायची रीत नाही." एवढंच सुचलं त्यांना. मग शेवटच्या बाकावरून एक निवृत्त शिक्षिका उठल्या. शिक्षा कधीच संपली होती, पण त्यांना पुढे यायची सवयच राहिली नव्हती. त्या म्हणाल्या, "माझी चिठ्ठी पण काढा. काय लिहिलंय ते मला अकरा वर्षं माहीत नाही." त्यांच्यामागून आणखी दोघं उठले. पाळकांनी पंच कमिटीकडे पाहिलं, कमिटीनं वखारवाल्यांकडे, आणि वखारवाल्यांनी बुटांकडे.

या सगळ्यात कुलूपवाल्याची आई मुलाकडे वळली आणि मोठ्यानं, बहिऱ्या माणसांच्या आवाजात म्हणाली, "किल्ली बरी लागली ना रे? अडकली नाही?" तो म्हणाला, "नाही आई." म्हातारी म्हणाली, "मग घोषणा वाचायला सांग त्यांना. मला गुडघ्यांमुळे फार वेळ बसवत नाही." पाळकांनी वाचली. त्यांच्या नोकरीत त्यांनी केलेलं हे एकमेव धाडस, आणि तेही एका म्हातारीनं ढोसल्यावर.

कमिटीनं पुढच्या महिन्यात ठराव केला की शब्दाबरोबर कृत्यही वाचायचं, आणि तक्रार कुणाची तेही. तेव्हापासून एकही तक्रार आलेली नाही. सगळी मंडळी एका रात्रीत पवित्र झाली. वखारवाल्याची बायको सध्या उन्हात बसत नाही, डोकं दुखतं म्हणे.

लग्न झालं. भाऊजी आले होते, तिसऱ्या बाकावर बसले, कोट घालून. त्यांना कुणी शेवटच्या बाकावर पाठवलं नाही. पाठवायला शब्द कुणाकडे होता? कामातुरपणाचा पाळकांनी सांगितलेला अर्थ मला आठवत होता, पण लग्नात मी गप्प बसले. फोटो काढायला कोपऱ्यावरचा फोटोग्राफर आला होता. केस पांढरे झालेत. मी बावीस वर्षांनी त्याला नमस्कार केला. त्यानं मान हलवली आणि जरा डावीकडे सरका म्हणाला. त्याला मी कोण ते आठवत नसावं, किंवा चांगलं आठवत असावं.

पंधरा दिवसांपूर्वी भाऊजी माझ्या दुकानात आले. पहिल्यांदाच. तो कोट घेऊन आले होते, कॉलर उलटवायला. मी अस्तर पाहिलं. बगलेत फाटलेलं होतं आणि आतून ताईच्या हातचे टाके होते, बारीक, तिरपे. त्यांनी ते तसेच ठेवले होते. मला दया यायला हवी होती. आली नाही. पाठकोऱ्या कागदासारखंच वाचवलं असणार, असं मनात आलं.

ते आरशाकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "तिनं तुला कधी काही सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. म्हणाली, त्यांना विचार."

"मग तू विचारलं का नाहीस?"

त्यांनी हे तिरकसपणे नाही विचारलं. खरंच कळत नव्हतं त्यांना. आणि मी, जिची जीभ सगळ्या मंडळीला माहीत आहे, कोटाची बाही उलटी करून ताईचे टाके मोजायला लागले. आयुष्यभरात त्या माणसानं विचारलेला हा एकच प्रश्न बरोबर होता. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. फोटोग्राफर.

"बुधवारी न्यायला या," मी म्हटलं, आणि खडूनं कॉलरवर खूण केली.